सव्वादहाचं कॉम्प्रेशन आणि वर टर्बो : ओल्डस्मोबाइल जेटफायरचं प्रकरण

जुन्या इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पिस्टन कितीपट दाबतो ते, कितीवर आणायचं? उत्तरही तयार असतं : आठवर आण आणि मग हवा तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, दे. हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. राहिलेला अर्धा भाग समजून घ्यायला 1962 सालच्या, अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबाइल जेटफायरइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. या गाडीत कॉम्प्रेशन रेशो होता 10.25, त्यावर टर्बो, तोही कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राच्या) जोडीने आणि इंटरकूलरशिवाय, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा निववायची सोय नसताना. ही शर्यतीची गाडी नव्हती. शोरूममधून घ्यायची, घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर न्यायची, अशी ती होती.

आज कुणी असा बेत सांगितला तर गॅरेजमधले जाणते लोक कपाळाला हात लावतील. ओल्डस्मोबाइलच्या इंजिनिअरांनी मात्र डोळसपणे हा निर्णय घेतला होता. तो कागदावर उतरला, गाडीतही उतरला, आणि मालकांच्या हातात गेल्यावर फसला. का फसला हे बघताना कॉम्प्रेशनबद्दलची बरीच ऐकीव माहिती तपासून घेता येते.

इंजिन काय होतं

1961 सालासाठी जनरल मोटर्सने ब्यूक, ओल्डस्मोबाइल आणि पॉन्टिॲकच्या लहान गाड्यांकरता पूर्ण ॲल्युमिनियमचं व्ही-8 इंजिन आणलं. 215 घन इंच, म्हणजे साडेतीन लिटर. बोअर 88.9 मिलिमीटर, स्ट्रोक 71.1. लहान म्हणजे अमेरिकेच्या मापाने लहान, हे सांगायला नकोच. मूळ आखणी ब्यूकची. ओल्डस्मोबाइलने हेड आणि पिस्टन स्वतःचे बनवले. ब्यूकच्या हेडला प्रत्येक सिलिंडरभोवती पाच बोल्ट होते, ओल्डस्मोबाइलने सहा ठेवले. हा एक जादा बोल्ट पुढे आपल्या कामाचा आहे, कारण बूस्ट वाढला की पहिल्यांदा हेड उचलू बघतं आणि गास्केट जातं.

एफ-85 या गाडीत (जेटफायर हे तिचंच एक रूप) हे इंजिन दोन रूपांत मिळत होतं. एक साधं : 8.75 कॉम्प्रेशन, दोन बॅरलचा, म्हणजे दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर, 155 अश्वशक्ती. दुसरं जरा चढं : 10.25 कॉम्प्रेशन, चार बॅरल, 185 अश्वशक्ती. हे दोन आकडे लक्षात ठेवा. कारखान्यात कमी आणि जास्त अशा दोन्ही कॉम्प्रेशनचे सुटे भाग तयार होते. टर्बोसाठी पिस्टन निवडायची वेळ आली तेव्हा कमी कॉम्प्रेशनचे भाग नव्याने बनवावे लागणार नव्हते. तरीही 10.25 निवडलं गेलं.

टर्बो होता गॅरेट एअररिसर्चचा, आकाराने लहान, वेस्टगेटसकट (ठरलेल्या दाबानंतर एक्झॉस्टला टर्बो चुकवून बाहेर सोडणारी झडप). बूस्टची मर्यादा 5 पीएसआय, म्हणजे 0.34 बार. एका बॅरलचा आडवा रोचेस्टर कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी बसवलेला, त्यामुळे टर्बो हवा ओढायचा ती पेट्रोलसकट. या मांडणीत इंटरकूलर लावता येत नाही. थंड नळ्यांमध्ये पेट्रोल पुन्हा द्रव होऊन साचतं, आणि एकदा बॅकफायर झाला की काय पेटेल ते सांगता येत नाही.

निकाल : 4600 आरपीएमला 215 अश्वशक्ती, 3200 आरपीएमला 407 न्यूटन मीटर टॉर्क. टर्बोशिवायच्या 10.25 कॉम्प्रेशनच्या इंजिनाचा टॉर्क 312 होता, तोही 3200 आरपीएमलाच. दोन्ही आकडे एकाच आरपीएमला असल्याने तुलना सरळ होते. 5 पीएसआय बूस्ट म्हणजे समुद्रसपाटीच्या 14.7 पीएसआयवर 34 टक्के जास्त दाब. टॉर्क वाढला 30 टक्के. मधले चार टक्के बहुतेक हवा तापल्यामुळे गेले, काही एक्झॉस्टमधल्या अडथळ्यात गेले असतील. 1962 सालच्या, इंटरकूलर नसलेल्या टर्बोसाठी हा हिशेब फार चांगला आहे. म्हणजे इंजिन नीट जमवलेलं होतं. गडबड दुसरीकडे होती.

10.25 का ठेवलं

रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ बूस्टशिवाय चालते. सिग्नलला उभी असते, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर रांगते, हायवेला एका लयीत जाते. त्या सगळ्या वेळात टर्बो नुसता फिरत असतो आणि इंजिन स्वतःच्या कॉम्प्रेशनवर जगत असतं. कॉम्प्रेशन खाली आणलं तर हा सगळा वेळ गाडी मंद वाटते, ॲव्हरेज पडतं, आणि मग बूस्ट आला की अचानक धक्का बसतो. हे टाळायचं म्हणून कॉम्प्रेशनला हात लावायचा नाही, असं ओल्डस्मोबाइलने ठरवलं.

तत्त्व बरोबर आहे. प्रश्न एवढाच, की त्यातून मिळतं किती? ऑटो चक्राच्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या चक्राच्या, आदर्श सूत्राने 10.25 ला कार्यक्षमता 60.6 टक्के येते, 8.75 ला 58.0 आणि 8 ला 56.5. खरं इंजिन याच्या निम्म्याच्या आसपास असतं, पण आपल्याला गुणोत्तर हवं आहे. 10.25 वरून 8 वर आलात तर सुमारे 7 टक्के जातात, 8.75 वर थांबलात तर सुमारे 4. 'कॉम्प्रेशन पाडलं की गाडीतला जीवच जातो' हे वाक्य गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. जीव जात नाही, चार ते सात टक्के जातात. कमी कॉम्प्रेशनच्या टर्बो गाड्या खालच्या आरपीएमला मेल्यासारख्या वाटतात त्याला बऱ्याचदा मोठा टर्बो, जड फ्लायव्हील आणि मागे घेतलेलं टायमिंग (उशिरा दिलेला स्पार्क) जबाबदार असतं. आळ मात्र पिस्टनवर येतो.

नॉकिंगचा हिशेब

कॉम्प्रेशन जास्त आणि वर बूस्ट, तर इंजिन ठोकणार. हे का होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे : स्पार्कने लावलेली आग पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने स्वतःहून पेटतं. यावर एक सोपं सूत्र फिरत असतं. कॉम्प्रेशन रेशोला बूस्टच्या दाबाच्या गुणोत्तराने गुणा, आलेलं 'खरं कॉम्प्रेशन' बघा. जेटफायरसाठी ते 10.25 गुणिले 1.34, म्हणजे 13.7. आकडा बघून घाबरायला होतं, पण त्यातून फार काही कळत नाही, कारण या सूत्रात तापमान कुठेच नाही.

तापमान घालून बघू. हे ढोबळ आहे, पण दिशा दाखवायला पुरेसं. बाहेरची हवा 27 अंश सेल्सिअस. टर्बोची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर 5 पीएसआय बूस्टला हवा जवळपास 70 अंशांवर जाते. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने ती थोडी निवते, पण तो फायदा सगळ्या पर्यायांना सारखाच म्हणून बाजूला ठेवतो. ही 70 अंशांची हवा 10.25 च्या सिलिंडरमध्ये दाबली की स्पार्कच्या आधी सुमारे 500 अंश होते. 8.75 मध्ये 460. 8 मध्ये 437. टर्बो नसताना 10.25 मध्ये ती 404 अंश असायची.

आता उलटा प्रश्न विचारू. 10.25 तसंच ठेवून 437 अंश हवे असतील, म्हणजे आठ कॉम्प्रेशनइतकी सुरक्षितता, तर आत येणारी हवा किती थंड लागेल? उत्तर 41 अंश. म्हणजे 70 वरून 29 अंश खाली. सव्वादोन पॉइंट कॉम्प्रेशन काढा किंवा आतली हवा 29 अंशांनी थंड करा, नॉकिंगच्या तापमानापुरता परिणाम एकच. (दाब अर्थातच वेगळा राहतो, म्हणून हे पूर्ण समीकरण नव्हे.) आत येणाऱ्या हवेचा एकेक अंश सिलिंडरमध्ये सव्वादोन अंश होऊन निघतो, हे इथलं कळीचं गणित. एकदा हे डोक्यात बसलं की आजच्या टर्बो गाड्यांच्या तोंडाशी एवढा मोठा इंटरकूलर का असतो आणि त्यांचं कॉम्प्रेशन आज दहाच्या आसपास कसं चालतं, दोन्ही कळतं.

ओल्डस्मोबाइलला इंटरकूलर लावता येत नव्हता. त्यांनी पाणी लावलं.

बाटली

निम्मं डिस्टिल्ड वॉटर, निम्मं मेथॅनॉल आणि थोडं गंजरोधक. नाव ठेवलं टर्बो-रॉकेट फ्लुइड. बॉनेटखाली सुमारे पावणेपाच लिटरची टाकी, ती बूस्टच्याच दाबाने भारली जायची, म्हणजे वेगळा पंप नको. बूस्ट 1 पीएसआयच्या आसपास गेला की द्रव मिश्रणात सुटायचा. कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या इंजिनांत पाणी आणि मेथॅनॉल सर्रास वापरलं गेलं होतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला 2257 किलोज्यूल लागतात, मेथॅनॉलला सुमारे 1100, पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास. वर मेथॅनॉल स्वतः जळतं आणि नॉकिंगला दाद देत नाही. दोघांची जोडी छान जमते : पाणी थंड करतं, मेथॅनॉल जळतं आणि मिशिगनच्या हिवाळ्यात पाणी गोठू देत नाही.

वरचे 29 अंश पाणी-मेथॅनॉलने कमवायचे तर किती द्रव लागेल? माझ्या हिशेबाने पेट्रोलच्या वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा. 215 अश्वशक्तीला इंजिन तासाला पन्नासेक किलो पेट्रोल पितं असं धरलं तर भरलेली बाटली पूर्ण बूस्टवर अर्ध्या तासाच्या आत रिकामी. अर्थात रस्त्यावर सलग अर्धा तास पूर्ण बूस्ट कुणी देत नाही, एका वेळी चार-सहा सेकंद. म्हणून एकाची बाटली कित्येक आठवडे टिकणार आणि गाडी दामटणाऱ्या दुसऱ्याची पाहता पाहता संपणार. इथेच खरी पंचाईत आहे. पेट्रोल किलोमीटरवर संपतं, ऑइलही किलोमीटरवर बदलतात. त्यांची सवय लागते. हे द्रव पायाच्या जोरावर संपायचं. त्याची सवय लागायला काही नियमच नव्हता.

इंजिनिअर बेसावध नव्हते. द्रव संपलं की दिवा लागायचा. शिवाय मीटरिंग यंत्रणेत फ्लोट होता. द्रव नसेल तर एक जादा झडप आड यायची आणि बूस्ट अडवायची, म्हणजे इंजिन वाचायचं. मधल्या कन्सोलवर एक छोटा डायलही होता, बूस्टचा, पण त्यावर आकडे नव्हते. काटकसर आणि ताकद असे दोन पट्टेच होते. मला हा डायल फार बोलका वाटतो. ज्याला पीएसआय म्हणजे काय ते कळत नाही अशा ग्राहकाला आकडे दाखवायचे नाहीत हे ठीक, पण मग त्याच ग्राहकाने बाटलीत बरोबर द्रव वेळेवर भरावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

मालकांच्या हातात

दोन वर्षांत मिळून 9,607 जेटफायर बनल्या. तेव्हाच्या मासिकांनी घेतलेल्या चाचण्यांत ताशी शून्य ते साठ मैल साडेआठ-नऊ सेकंदांच्या घरात येत होते. त्या काळच्या लहान गाडीला हे चांगलं होतं, थक्क करणारं नव्हतं.

तक्रारी सुरू झाल्या त्या मुख्यतः दोन. पहिली, द्रव न भरणं. लोक दिव्याकडे दुर्लक्ष करत, सुरक्षा झडप तिचं काम करी, आणि मालकाला वाटे गाडीचा पिकअप गेला. तो गाडी घेऊन डीलरकडे जाई. डीलरच्या फिटरने आयुष्यात टर्बो पाहिलेला नसे. निम्म्या तक्रारी एका बाटलीत मिटल्या असत्या, असं म्हणायचा मोह होतो. पण फिटरला तरी दोष कसा देणार?

दुसरी तक्रार टर्बोच्या सीलची. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी असला की थ्रॉटल मिटल्यावर कंप्रेसरच्या पोटात व्हॅक्यूम तयार होतो, आणि तो बेअरिंगमधलं ऑइल ओढून घेऊ बघतो. ते अडवायला कार्बनचं घट्ट सील लागतं. ते झिजलं किंवा चिकटलं की निळा धूर. गरम टर्बो एकदम बंद केला की आत राहिलेलं ऑइल जळून कोळसा होतं, ही भर वेगळीच. गंमत अशी की सौम्य पायाने, म्हाताऱ्यासारखी गाडी चालवणाऱ्याच्या गाडीत टर्बो कधी नीट फिरायचाच नाही, तोही त्याला बाधायचा. त्यातून सगळं इंजिन ॲल्युमिनियमचं. चुकीचं कूलंट घातलं की आत पोखरणं आणि रेडिएटर तुंबणं, हे टर्बो नसलेल्या भावंडांनाही चुकलं नाही.

1963 नंतर जेटफायर बंद झाली. 1964 ची एफ-85 मोठी झाली आणि तिच्यात 330 घन इंचांचं बिडाचं व्ही-8 आलं. ताकद हवी तर इंजिन मोठं करा, हा अमेरिकेचा नेहमीचा रस्ता. 1965 मध्ये कंपनीने जुन्या मालकांसाठी टर्बो काढून जागी साधा चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवून देण्याची मोहीम घेतली. बऱ्याच मालकांनी ते आनंदाने करून घेतलं. म्हणून आज टर्बोसकट धड चालणारी जेटफायर दुर्मीळ आहे.

शेजारचं उत्तर

त्याच जनरल मोटर्समध्ये, 1962 मध्येच, काही आठवड्यांच्या अंतराने शेव्हरलेने टर्बोवाली कॉर्वेअर मोन्झा स्पायडर आणली. तिच्या सहा सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या 145 घन इंच इंजिनात कॉम्प्रेशन 9 वरून 8 वर आणलं होतं. बाटली नाही. वेस्टगेटही नाही, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टमधला अडथळाच बूस्टला लगाम घालायचा. डिस्ट्रिब्युटरला (सिलिंडरांना स्पार्क वाटणाऱ्या भागाला) दाबावर चालणारी डबी, ती बूस्ट आला की टायमिंग मागे घ्यायची. 150 अश्वशक्ती. खालच्या आरपीएमला झोपलेली, वर गेल्यावर जागी होणारी गाडी, अशी तिची ख्याती. पण मालकाने वेगळं काहीच करायचं नव्हतं. टर्बो कॉर्वेअर 1966 पर्यंत विकली गेली, पुढे 164 घन इंच आणि 180 अश्वशक्तीपर्यंत गेली.

यावरून 'पाहा, कमी कॉम्प्रेशन जिंकलं' असा निष्कर्ष नेहमी काढला जातो. माझं मत थोडं वेगळं आहे. जेटफायरमध्ये टर्बो लहान होता, दोन हजारांच्या आसपासच दाब देणारा. ज्या टर्बोला जाग यायला वेळच लागत नाही त्याच्याबरोबर बूस्टशिवायच्या पिकअपसाठी कॉम्प्रेशन वर धरून ठेवायची गरज सगळ्यांत कमी असते. म्हणजे एकाच दुखण्यावर दोन औषधं दिली, आणि दुसऱ्या औषधाचा दुष्परिणाम आवरायला तिसरं, म्हणजे बाटली. वर आणखी एक गोष्ट : कमी आरपीएमला पूर्ण बूस्ट ही नॉकिंगच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट जागा. पिस्टन हळू चालतो, कोपऱ्यातल्या मिश्रणाला स्वतःहून पेटायला भरपूर वेळ मिळतो. लवकर जागा होणारा टर्बो आणि 10.25 कॉम्प्रेशन एकमेकांच्या वाटेत उभे होते.

कॉर्वेअरचं नेमकं उलट. मोठा, वेस्टगेट नसलेला, उशिरा उठणारा टर्बो, आणि वर कॉम्प्रेशनही कमी. बूस्टशिवायचा काळ लांब आणि त्या काळात इंजिनही मऊ. त्या गाडीला कॉम्प्रेशन थोडं जास्त असतं तर शोभलं असतं.

म्हणून टर्बोचा आकार आधी, कॉम्प्रेशन नंतर. गाडी किती वेळ बूस्टशिवाय राहणार हे टर्बो ठरवतो, आणि तो वेळ माहीत झाल्याशिवाय कॉम्प्रेशनच्या चार-सात टक्क्यांची किंमत करता येत नाही.

मिशिगनमधल्या लॅन्सिंगला, ओल्डस्मोबाइलच्या मुख्यालयातल्या त्या टेबलावर मी असतो तर शेल्फवर असलेलं 8.75 उचललं असतं. वरच्याच हिशेबाने 437 अंशांवर यायला त्याला 29 नाही, 11 अंशांचाच थंडावा पुरतो. तेवढं तर कॉर्वेअरसारखं टायमिंग मागे घेऊन आणि मिश्रण थोडं जाड (पेट्रोल जास्त) ठेवूनही भागलं असतं. बाटली चैनीची वस्तू झाली असती, जीवनरक्षक नव्हे. किंमत? टॉर्क 407 ऐवजी 390 च्या आसपास, अश्वशक्ती 215 ऐवजी 206. चालवणाऱ्याला ते कळलंही नसतं. पण 215 घन इंचांमागे 215 अश्वशक्ती, म्हणजे घन इंचामागे एक, हा आकडा गेला असता. आणि शेव्हरलेच्या 1957 च्या 283 घन इंच, 283 अश्वशक्तीच्या इंजिनापासून अमेरिकेत त्या आकड्याला काय मान होता ते सगळ्यांना माहीत आहे. हा माझा संशय आहे, पुरावा नाही.

गास्केटवर गास्केट

8.75 कसं आणायचं, हा प्रश्न जुन्या इंजिनावर काम करणाऱ्याला लगेच पडेल, कारण त्याच्याकडे कारखान्याचं शेल्फ नसतं. या इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता 440 घन सेंटिमीटर. 10.25 ला पिस्टनच्या वर उरणारी जागा 47.6 घन सेंटिमीटर, 8.75 ला 56.8. फरक सव्वानऊ, म्हणजे स्वयंपाकघरातले जेमतेम दोन छोटे चमचे. एवढ्याशा जागेसाठी लोक जाड गास्केट घालतात किंवा एकावर एक दोन चढवतात. 88.9 बोअरवर सव्वानऊ घन सेंटिमीटर म्हणजे जवळपास दीड मिलिमीटर जाडी.

हे करू नये. पिस्टन वर आला की हेडच्या सपाट भागाशी त्याचं अंतर अगदी थोडं राहतं, आणि तिथून मिश्रण जोराने मधे फेकलं जातं. त्या खळबळीने आग वेगाने पसरते आणि नॉकिंगला वेळ मिळत नाही. दीड मिलिमीटर वाढवलं की ती खळबळ मेली. कॉम्प्रेशन कमी केलं आणि नॉकिंग होतं तिथेच, असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांनी गास्केट मोजून बघावं. जागा वाढवायची ती पिस्टनच्या माथ्यावर, मध्यभागी खळगा असलेले पिस्टन घालून. किंवा हेडमधल्या चेंबरला हात लावून, पण सपाट पट्टी सोडून. खर्चिक आहे, खरंय.

बाटलीची जागा कोणी घेतली

पुढची वीस वर्षं बहुतेकांनी कॉर्वेअरचाच मार्ग धरला, आणि जरा जास्तच. 1973 ची बीएमडब्ल्यू 2002 टर्बो 6.9 कॉम्प्रेशनवर होती. साबने 99 टर्बो आणली ती 7.2 वर, पण तिथे टर्बो लहान आणि वेस्टगेटसकट, खालच्या आरपीएमला ओढणारा. म्हणून ती रोजच्या वापरात टिकली. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीचे इंजिनिअर पेर गिलब्रांड यांच्या देखरेखीखाली साबची एपीसी यंत्रणा आली : ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर, आणि नॉकिंग जाणवताच वेस्टगेट उघडून बूस्ट कमी करणारा व्हॉल्व्ह. त्याबरोबर कॉम्प्रेशन 7.2 वरून 8.5 वर नेता आलं. पेट्रोल हलकं भरलं तर गाडी थोडी मंद चालायची, एवढंच. जेटफायरचा फ्लोट बाटलीत द्रव आहे का ते बघायचा. साबचा सेन्सर इंजिन ठोकतंय का तेच ऐकायचा. मालकाच्या शिस्तीवर काहीच उरलं नाही.

जुन्या इंजिनावर आज हे काम करणाऱ्याकडे तीनही पर्याय आहेत. कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर ठेवून दाबाची हवा त्यातून ढकलली तर मधे इंटरकूलर बसतो. मात्र फ्लोट चेंबरला आणि पेट्रोलच्या पंपाला बूस्टचा दाब पोचवावा लागतो, नाहीतर ऐन बूस्टमध्ये मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. सुटा नॉक सेन्सर आणि त्यावर चालणारं इग्निशन मिळतं. आणि पाणी-मेथॅनॉलचे तयार संच तर पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्या भरवशावर पिस्टन निवडू नयेत. माझा आकडा विचाराल तर : लहान टर्बो, 5-6 पीएसआय, इंटरकूलर नाही, बिडाचं हेड, तर साडेआठ. इंटरकूलर आणि नॉक सेन्सर असेल तर नऊ-साडेनऊ, आणि मूळ पिस्टन तेवढ्यावर असतील तर हेड उतरवूच नका.

आपल्याकडच्या पंपाची एक वेगळी बाब आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. नॉकिंगच्या बाजूने ते वरदानच. इथेनॉलची बाष्पीभवनाची उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे जेटफायरच्या बाटलीतला थोडा गुण टाकीतच आलेला असतो. पण त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. टर्बो नसताना गाडी जरा अडखळते आणि चालून जाते. बूस्टखाली त्याच सात-आठ टक्क्यांत पिस्टनचा माथा वितळू शकतो. तेव्हा टर्बोच्या आधी जेट बदलून घ्या, पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदला, आणि प्लग काढून रंग बघा. पांढरे आले तर बूस्ट द्यायची वेळ अजून आलेली नाही.